कापडाची डिझाइन्स काढणारा चित्रकार, ज्यानं न विखुरणारी काच शोधली

इचलकरंजीत कापूस, सूत आणि यंत्रमाग यांच्याशिवाय गप्पा पुढं सरकत नाहीत. पण शोरूमची काच फुटूनही जागेवर राहते, त्यामागंही मुळात कापूसच आहे, हे माहितीये का?

एदुआर बेनेडिक्टस. जन्म १८७८, पॅरिस. माणूस चित्रकार, सजावटकार, कापडाची डिझाइन्स काढणारा. आणि सोबत रसायनांचा नाद.

तर झालं असं की, १९०३ मध्ये प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला. तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. आत सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण वाळून पातळ पापुद्रा बसला होता, त्यानं काच धरून ठेवली. हे सेल्युलोज नायट्रेट बनतं कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून.

तेव्हा पॅरिसमध्ये मोटारी वाढत होत्या आणि अपघातात फुटलेल्या काचा लोकांचे चेहरे चिरत होत्या. बेनेडिक्टसनं दोन काचांमध्ये सेल्युलोजचा थर दाबून बसवला. १९०९ मध्ये पेटंट घेतलं. तीन थर, म्हणून नाव ट्रिप्लेक्स. मोटार कंपन्यांना ती महाग वाटली. पहिल्या महायुद्धात मात्र सैनिकांच्या गॅस मास्कला हीच काच लागली.

एक दोष राहिला, हा थर उन्हानं पिवळा पडायचा. १९३० मध्ये बेनेडिक्टस वारला. त्याच दशकात न पिवळणारा पीव्हीबीचा थर आला. आजची लॅमिनेटेड काच ती हीच.

मग टफन्ड काच वेगळी कशी? ती ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत. फुटली तर बोथट दाणे होतात, पण चौकट रिकामी होते. जाळीची वायर्ड काच आगीत तुकडे धरून ठेवते, पण धक्क्याला साध्या काचेपेक्षाही कच्ची.

म्हणून दार, पार्टिशनला टफन्ड चालते. जिन्याचा कठडा, उंचावरची दर्शनी काच किंवा डोक्यावरचं छप्पर असेल, तर लॅमिनेटेडच हवी. टफन्ड काचेचीच लॅमिनेटेड केली, तर दोन्ही फायदे मिळतात. घेताना आयएस २५५३ चा शिक्का आहे का, तेवढं बघा.