बालवीर चळवळीचे जनक

ज्या १८५७ साली आपल्या देशात स्वातंत्र्यसमराचा वणवा पेटला, त्याच वर्षी २२ फेब्रुवारी रोजी लंडन शहरात रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा असताना त्याचे पितृछत्र हरपले. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. पण आई करारी व धोरणी होती. तिने मुलांना घरात कोंडून ठेवले नाही. सुट्टी लागली की ही भावंडे थोरल्या भावाबरोबर लहानशा नौकेतून समुद्रावर जात. वादळवाऱ्याशी झुंजावे, आपले अन्न आपण शिजवावे आणि वाट्याला आलेले काम तक्रार न करता करावे, हे धडे रॉबर्टला तेथेच मिळाले.

त्याची शाळा लंडनहून हलून गोडाल्मिंग या गावी आली, तेव्हा त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. शाळेला लागूनच दाट झाडी होती. तेथे जाण्याची मुलांना सक्त मनाई होती. तरी रॉबर्ट हळूच निसटून त्या झाडीत शिरे. तो सशांचा माग काढी आणि धूर होणार नाही अशा बेताने इवलासा जाळ करून मिळालेली शिकार भाजून खाई. धूर दिसला तर गुरुजी धावून येतील, हे तो जाणून होता! शाळेचा नियम मोडणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. परंतु वर्गातील फळ्यापेक्षा त्या रानाने त्याला अधिक शिकवले, हेही तितकेच खरे आहे.

पुढे तो सैन्याच्या परीक्षेत उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला आणि १८७६ सालाच्या अखेरीस हा एकोणीस वर्षांचा अधिकारी मुंबई बंदरात उतरून लखनौच्या छावणीत आपल्या घोडदळाच्या पलटणीत रुजू झाला. हिंदुस्थानातील रानावनांत भटकताना त्यांची जुनी आवड पुन्हा जागी झाली. वाकलेले गवत, दगडाची हललेली जागा, धुळीतील पावलांचे ठसे यांवरून कोण गेले, केव्हा गेले व किती घाईत गेले, हे ओळखण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली. त्यांना दोन्ही हातांनी चित्रे काढता येत. गुप्तहेराच्या कामगिरीवर असताना आपण फुलपाखरे गोळा करणाऱ्याचे सोंग घेत असू आणि फुलपाखराच्या पंखांवरील नक्षीत शत्रूच्या किल्ल्याचा नकाशा लपवीत असू, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूची बातमी काढणाऱ्या टेहळ्या शिपायाला इंग्रजीत ‘स्काउट’ म्हणतात. मीरतच्या छावणीत बेडन-पॉवेल यांनी अशा शिपायांच्या लहान लहान तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीवर स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची जबाबदारी टाकली. जे या शिक्षणात उतरत, त्यांना होकायंत्रावरील उत्तर दिशेच्या खुणेचे चिन्ह मिळे. पुढे जगभरच्या बालवीरांच्या छातीवर झळकले ते हेच चिन्ह होय. या विद्येवर त्यांनी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ते १८९९ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध जुंपले. मॅफेकिंग नावाच्या एका लहान गावात बेडन-पॉवेल आपल्या मूठभर सैन्यासह वेढले गेले. वेढा घालणारे बोअर संख्येने कितीतरी अधिक होते. तेव्हा त्यांनी युक्तीची कास धरली. वाळूने भरलेल्या पेट्या गावाभोवती पुरून ते सुरुंग आहेत असे भासवले. काटेरी तार नसताना शिपायांना पाय उचलून, जणू तार ओलांडीत आहोत, असे चालायला लावले. एकच दिवा निरनिराळ्या जागी नेऊन लावला आणि गावात ठिकठिकाणी प्रकाशझोत आहेत असा शत्रूचा समज करून दिला. असा तो वेढा तब्बल २१७ दिवस चालला आणि १७ मे १९०० रोजी उठला.

गावात माणसे कमी पडत होती. म्हणून लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने शाळकरी मुलांचे एक पथक उभारले. ही मुले निरोप पोचवीत, टेहळणी करीत, रुग्णालयात मदत करीत. प्रथम ती गाढवांवरून जात. पुढे त्यांना सायकली मिळाल्या. एकदा गोळीबारातून दौडत आलेल्या एका मुलाला बेडन-पॉवेल यांनी, अशाने तुला एखादे दिवशी गोळी लागेल, अशी समज दिली. आपण सायकल इतक्या वेगाने हाकतो की गोळीला आपल्याला गाठताच येणार नाही, असे त्या मुलाने सांगितले! विश्वास टाकला तर मुले मोठ्यांच्या तोडीचे काम करतात, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली.

या वेढ्याची एक काळी बाजूही आहे. अन्नाचा तुटवडा पडला तेव्हा गावातील आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला गोऱ्या लोकांपेक्षा फार कमी अन्न आले आणि त्यांतील कित्येक जण उपासमारीने दगावले. इंग्लंडात विजयाचे नगारे वाजत होते, तेव्हा त्यांची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

बेडन-पॉवेल मायदेशी परतले तेव्हा ते सर्वांचे लाडके वीर ठरले होते. परंतु त्यांना एका गोष्टीचे नवल वाटले. शिपायांसाठी लिहिलेले आपले पुस्तक शाळांतील शिक्षक आणि मुले आवडीने वाचीत आहेत आणि त्यातले खेळ खेळत आहेत, असे त्यांना आढळले. १९०४ साली त्यांनी ग्लासगो येथे मुलांच्या एका संघटनेचे संचलन पाहिले. तिचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी त्यांना ते पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहिण्याची गळ घातली. या विद्येतून लढाई काढून टाकली, तर मागे काय उरते? सूक्ष्म अवलोकन उरते, धैर्य उरते, स्वावलंबन उरते आणि संकटातल्या माणसाला शोधून त्याच्या साहाय्याला धावण्याची सिद्धता उरते. एवढी सामग्री त्यांना पुरेशी वाटली.

ही कल्पना पारखून पाहण्यासाठी १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसएक मुलांचे शिबीर भरवले. निम्मी मुले श्रीमंतांच्या बड्या शाळांतील होती, तर निम्मी कष्टकऱ्यांच्या घरची. धनिकांच्या मुलांकडून एक पौंड आणि इतरांकडून साडेतीन शिलिंग एवढेच शुल्क घेतले होते. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्ही मुले एका पंक्तीला बसणे दुर्मीळ होते. येथे मात्र लांडगा, बैल, कुररी आणि डोमकावळा अशा नावांच्या चार तुकड्यांत ती एकमेकांत मिसळून गेली. पहाटे आफ्रिकेतील कुडू हरणाच्या वळणदार शिंगाचा घोष होई आणि मुले तंबूंतून बाहेर पडत. दिवसभर गाठी मारणे, माग काढणे, बुडणाऱ्याला वाचवणे, उघड्यावर स्वयंपाक करणे असे शिक्षण चाले. रात्री शेकोटीभोवती बेडन-पॉवेल गोष्टी सांगू लागले की डोळ्यांतली झोप पळून जाई. पन्नास वर्षांचा तो सेनानी त्या मुलांत मूल होऊन गेला होता.

१९०८ च्या जानेवारीपासून त्यांचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक पंधरवड्याला एक असे सहा भागांत निघाले आणि पाहता पाहता गावोगावी बालवीरांची पथके उभी राहिली. कोणी हुकूम दिला नव्हता. मुलांनीच पुस्तक वाचून तुकड्या केल्या आणि मग नायक शोधले. रोज निदान एक तरी सत्कृत्य करावे, असा या पथकांचा नेम होता. ते विसरू नये म्हणून बालवीर आपल्या गळपट्ट्याला गाठ मारून ठेवी. या नेमाविषयी एक गोष्ट सांगतात. १९०९ साली लंडनच्या दाट धुक्यात वाट चुकलेल्या एका अमेरिकन गृहस्थाला एका मुलाने मुक्कामी पोचवले आणि बक्षीस म्हणून पुढे केलेले नाणे नाकारले. बालवीर सेवेचे मोल घेत नाही, असे तो म्हणाला. ते गृहस्थ म्हणजे विल्यम बॉइस. त्यांनी पुढच्याच वर्षी अमेरिकेत ही चळवळ सुरू केली. गोष्टीतले धुके पुढे कोणी दाट केले असेलही. परंतु त्या मुलाचे नाव अखेरपर्यंत कोणालाच कळले नाही.

१९०९ च्या सप्टेंबरात लंडनला बालवीरांचा पहिला मोठा मेळावा भरला. तेथे काही मुलीही आपणहून पोशाख करून दाखल झाल्या आणि आम्हांलाही यात घ्या असा हट्ट धरून बसल्या. त्यांच्यासाठी १९१० साली बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या नेतृत्वाखाली वीरबालांची वेगळी संघटना निघाली. पुढे तिची धुरा त्यांच्या पत्नी ओलाव्ह यांनी वाहिली. त्याच वर्षी बेडन-पॉवेल यांनी सैन्यातून निवृत्ती घेतली आणि उरलेले आयुष्य मुलांना दिले.

परंतु १९१४ साली महायुद्धाचा भडका उडाला. हजारो बालवीरांनी इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर पहारे केले. विमानांचा हल्ला टळला की बिगूल वाजवून ते नागरिकांना धीर देत. त्यांच्याहून वयाने मोठे झालेले मात्र रणांगणावर गेले. ब्राउनसीच्या शेकोटीभोवती बसून गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपैकीही काही जण परत आले नाहीत. ज्यांना रानात वाट शोधायला शिकवले, ती मुले अशी खंदकांत मेलेली पाहून त्या जुन्या शिपायाचे मन पालटले. एका देशाच्या मुलांनी दुसऱ्या देशाच्या मुलांना लहानपणीच ओळखले पाहिजे, असा ध्यास त्यांनी घेतला.

म्हणून १९२० साली लंडनमधील ऑलिंपिया या विशाल सभागृहात ३४ देशांतील सुमारे ८,००० बालवीर एकत्र जमले. तेथेच मुलांनी उत्स्फूर्तपणे त्यांना जगाचे प्रमुख बालवीर म्हणून घोषित केले. १९२९ च्या मेळाव्यास तर सुमारे ५०,००० मुले आली. बर्कनहेड गावाजवळच्या त्या मैदानावर धो धो पाऊस कोसळला आणि सर्वत्र गुडघाभर चिखल झाला; तरी कोणाचा उत्साह मावळला नाही. समारोपाच्या दिवशी बेडन-पॉवेल यांनी युद्धाचे प्रतीक म्हणून एक कुऱ्हाड पुरली आणि शांतीची खूण म्हणून सोनेरी बाण निरनिराळ्या देशांच्या मुलांच्या हाती दिले.

हे बंधुत्वाचे ब्रीद आपल्या देशात मात्र कसोटीला लागले. हिंदुस्थानात १९०९ सालीच बंगळूरला बालवीर पथक निघाले होते; पण त्यात प्रवेश होता तो युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. हिंदी मुलांच्या अंगी शिस्त व संघटना आली तर ती उद्या राज्यच उलथून टाकतील, अशी भीती सरकारला वाटे. मग आपल्या पुढाऱ्यांनी स्वतःच्या बळावर पथके काढली. नागपूरचे विवियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, हे या कामातील एक अग्रणी होते. मद्रासेस डॉ. ॲनी बेझंट यांनी आणि प्रयागला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी संघटना उभ्या केल्या. प्रयागच्या मेळ्यात लोटणाऱ्या यात्रेकरूंची सेवा करण्याच्या कामातूनच मालवीयजींच्या संघटनेचा उगम झाला होता.

१९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले. त्यांनी हिंदी मुलांची पथके पाहिली आणि या मुलांना दूर ठेवण्याची रीत सोडून दिली. बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत सामील झाली. मालवीयजींची मात्र वेगळीच राहिली. पुढे १९३७ साली दिल्लीच्या मेळाव्यासाठी ते पुन्हा आले, तेव्हा हिंदी लोकांच्या चारित्र्याला उणेपणा आणणारी त्यांची मते प्रसिद्ध झाली आणि देशभर संतापाची लाट उसळली. जगातील मुलांना भाऊ म्हणणाऱ्या या वृद्धाच्या मनातून राज्यकर्त्याचा अहंकार पुरता गेला नव्हता. अनेकांनी त्यांच्या संस्थेशी असलेला संबंध तोडला आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट संघटना स्थापन झाली. आपल्या लोकांनी संस्था सोडली. सेवेचा नेम सोडला नाही. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, हे निरनिराळे प्रवाह भारत स्काउट्स आणि गाइड्स या एका संस्थेत मिळाले आणि पंडित कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले.

१९३७ साली हॉलंडमध्ये भरलेल्या मेळाव्यात ऐंशी वर्षांच्या बेडन-पॉवेल यांनी मुलांचा अखेरचा निरोप घेतला. त्या वेळी युरोपवर पुन्हा युद्धाचे ढग जमत होते. इटली आणि जर्मनीत हुकूमशहांनी बालवीर पथकांवर बंदी घातली होती. परक्या देशाच्या मुलाला भाऊ मानणारे मूल त्यांना नको होते. पुढे बेडन-पॉवेल पत्नीसह आफ्रिकेतील केनिया देशात न्येरी या गावी राहण्यास गेले. तेथील लहानशा बंगलीत बसून ते रानातल्या पशुपक्ष्यांची चित्रे काढीत. जग दुसऱ्या महायुद्धाच्या खाईत होरपळत असताना, ८ जानेवारी १९४१ रोजी, तेथेच त्यांचे देहावसान झाले.

माग काढण्याच्या खेळात बालवीर वाटेवर खुणा करीत जातात. बाण काढला, तर इकडे वळा. फुली काढली, तर ही वाट नव्हे. वाट संपली की ते एक वर्तुळ काढून त्याच्या मध्यभागी ठिपका देतात. मी घरी गेलो आहे, असा त्याचा अर्थ. न्येरीच्या दफनभूमीत बेडन-पॉवेल यांच्या समाधीच्या शिळेवर तेच वर्तुळ आणि तोच ठिपका कोरलेला आहे.