मिरजेचा तंबोरा आणि अब्दुल करीम खाँ

साडीखरेदीसाठी गोव्यातून बेळगावला जाणाऱ्यांच्या परिचयाचे शहापूर स्वातंत्र्यापूर्वी सांगली संस्थानात मोडत असे. सांगली-मिरजेशी असलेला हा संबंध केवळ कारभारापुरता नव्हता. या भागात गाण्याचा रियाज चालणाऱ्या घरांत गवसणीत जपलेला तंबोरा बहुधा मिरजेचाच असतो. त्या तंबोऱ्याचा नाद ज्यांच्या गायकीत पूर्णत्वाने उमटला, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे जीवनही मिरजेशी कायमचे जोडले गेले.

उत्तर भारतातील कैराना येथे ११ नोव्हेंबर १८७२ रोजी त्यांचा जन्म झाला. घराण्यात सारंगी आणि बीन यांची परंपरा होती, त्यामुळे गळ्याबरोबर हातही तयार झाला. तरुणपणी ते बडोदा दरबारी गायक होते. तेथील सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे मिरज हे खाँसाहेबांचे घर झाले.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला होता. येथील तंबोऱ्याचा तुंबा पंढरपूर परिसरातील भोपळ्याचा, तर दांडी व तबली तुणीच्या लाकडाची. दक्षिणेतील तंजावरी तंबुऱ्याचा तुंबा मात्र फणसाच्या लाकडातून कोरलेला असतो. त्याचा नाद अधिक तेजस्वी व रेखीव, मिरजेचा भरदार व घुमारेदार. खाँसाहेबांनी म्हैसूर आणि मद्रासकडील मैफलींमुळे कर्नाटक संगीत जवळून ऐकले, त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली.

तंबोऱ्याचे मोल नक्षीकामापेक्षा जवारीत असते. घोडीचा माथा किंचित उतरता घासून तारेखालचा दोरा योग्य जागी सरकवला, की तार मोकळी बोलते आणि खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. हे काम खाँसाहेब स्वतः करीत. वाद्यदुरुस्तीची हत्यारे ते प्रवासातही जवळ बाळगीत. लागलेल्या तंबोऱ्यात मिसळून जाणारा, शांतपणे बढत करणारा त्यांचा सूर याच श्रवणातून घडला.

हा कान शास्त्राच्याही उपयोगी पडला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे मोजमाप करीत होते. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. पेटीचा गंधार तंबोऱ्यातील स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. हा भेद दूर करण्यासाठी देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या पुढाकाराने श्रुतींची पेटी तयार झाली, परंतु ती मैफलीत रुळली नाही. तंबोरा मात्र आपल्या जागी राहिला.

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. कुंदगोळचे सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. मिरजेहून धारवाड-हुबळीकडे जाणारा लोहमार्ग बेळगाववरून जात असल्याने या साऱ्या पट्ट्यात किराणा गायकी पसरली. याच काळात संसारावर मात्र आघात झाला. ताराबाई पाच मुलांसह वेगळ्या झाल्या आणि मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. तरीही सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांच्या गळ्यातून तोच सूर महाराष्ट्राने ऐकला. नाव तुटले, नाद तुटला नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना वाटेतच अस्वस्थ वाटू लागले. सिंगापेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घालून त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणून देह ठेवला, असे सांगितले जाते. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. त्यांचे पार्थिव मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. ज्या दर्ग्यात त्यांनी वर्षानुवर्षे गायनसेवा केली, तेथे त्यांच्या स्मरणार्थ आजही गायक हजेरी लावतात. त्यांच्या मागे झंकारणारे तंबोरे शेजारच्याच गल्लीत घडलेले असतात.