मेंदूच्या धमन्या दाखवणारे मोनिझ

अँजिओग्राफी म्हटले की आपल्याला हृदय आठवते. मेंदूच्या धमन्यांची अँजिओग्राफी मात्र एका अशा डॉक्टरांनी सुरू केली, ज्यांचे निम्मे आयुष्य राजकारणात गेले होते. पोर्तुगालच्या अवांका गावी 1874 मध्ये जन्मलेले एगास मोनिझ लिस्बनला मेंदूविकारांचे प्राध्यापक होते. शिवाय खासदार, स्पेनमधील राजदूत, परराष्ट्रमंत्री. राजकारण सुटले आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हे संशोधन हाती घेतले. संधिवाताने बोटे वाकडी झालेली, त्यामुळे सुई धरायचे आल्मेइडा लिमा हे तरुण सहकारी.

अडचण साधी होती. एक्स-रेमध्ये कवटी दिसते, पण मेंदू आणि त्यातले रक्त सारखेच फिकट दिसतात. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचले असेल तर ती डायशिवायही पांढरी उमटते. निरोगी धमनी मात्र दिसतच नाही. म्हणून हाडासारखा किरण अडवणारा पदार्थ रक्तात सोडायचा. मोनिझ यांनी आधी ब्रोमीनचा क्षार वापरला. त्यात धमनीत गुठळी होऊन एक रुग्ण दगावला. हा मृत्यू त्यांच्या गौरवगाथांत एका ओळीत उरकला जातो, हे मला खटकते. मग त्यांनी आयोडीनचा क्षार घेतला आणि 28 जून 1927 रोजी मेंदूच्या तळाशी गाठ असलेल्या एका तरुणाच्या धमन्या प्लेटवर स्पष्ट उमटल्या.

मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी कवटीच्या तळाशी दुहेरी वळण घेते. त्या वळणाला त्यांनी सायफन म्हटले. आजही तेच नाव आहे. वय वाढते तसे कॅल्शियम बहुतेकदा याच वळणावर साचते. ते पाहायला साधा सीटी स्कॅन पुरतो. डायही पांढरी आणि कॅल्शियमही पांढरे, त्यामुळे डाय दिली तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. हृदयाचा कॅल्शियम स्कोअर बिनडायचा काढतात तो याचमुळे. डाय दाखवते रक्ताची वाट किती मोकळी आहे ते. कॅल्शियम दाखवते भिंतीचे काय झाले ते. एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही.

अँजिओग्राफीसाठी मोनिझ यांचे नाव नोबेलकरिता सुचवले गेले होते. मिळाले ते 1949 मध्ये, मेंदूच्या नसा कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. त्या शस्त्रक्रियेने अनेकांचे आयुष्य पोखरले आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. 1955 मध्ये ते वारले.

त्यांनी 1931 पासून वापरलेली थोरोट्रास्ट ही डाय चित्रे सुरेख देई, टोचताना त्रासही नसे. पण तिच्यात किरणोत्सारी थोरियम होते. ते यकृतात आणि प्लीहेत कायमचे अडकून राही आणि अनेक रुग्णांना वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. आजची आयोडीनची डाय मूत्रपिंडांवाटे साधारण एका दिवसात बाहेर पडते. स्कॅनआधी क्रिएटिनिन विचारतात ते त्यासाठी.