कॉर्कच्या खोल्या मोजणारा हूक

रॉबर्ट हूक म्हटलं की आपल्याला स्प्रिंग आठवते आणि पाठोपाठ व्हायवा! पण हूकची खरी गंमत बाटलीच्या बुचात आहे.

१८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर तो जन्मला. तब्येत नाजूक, पण हात कामाचे. पितळी घड्याळ सुटं केलेलं पाहून या पोराने लाकडाचं चालतं घड्याळ बनवलं. तेराव्या वर्षी वडील गेले. पुढे ऑक्सफर्डला त्याने रॉबर्ट बॉइलसाठी हवेचा पंप तयार केला आणि १६६२ पासून रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याची नोकरी धरली.

१६६५ मध्ये त्याचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. धारदार चाकूने कॉर्कचा पातळ काप काढून त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत रिकाम्या खोल्याच खोल्या! त्यांना त्याने 'सेल' म्हटलं. एक इंच लांबीत १०८०, म्हणजे घन इंचात १२५ कोटींहून जास्त, असा हिशोबही मांडला. कॉर्क हलकं का, पाण्यावर तरंगतं का, दाबून सोडलं की परत फुगतं का, याचं उत्तर त्याला खोल्यांतल्या बंद हवेत दिसलं.

उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं भिंतींत होतं, आणि ते उलगडणारं रसायनशास्त्र तेव्हा जन्मलंच नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे, की या भिंतींत सर्वांत जास्त असतं सुबेरिन. ते पाणी अडवतं. त्याच्या खालोखाल लिग्निन. ते भिंतींना ताठपणा देतं. लिग्निन म्हणजे बेंझिनची कडी असलेल्या घटकांचं जाळं. कॉर्कमध्ये हे घटक मुख्यतः ग्वायासिल प्रकारचे, म्हणजे कडीवर एकच मेथॉक्सी गट असलेले. पॉलिथिनसारखी एकच साखळी नाही. जोडण्या अनेक तऱ्हेच्या. बूच दाबलं की या भिंती वाकतात, सुरकुततात आणि सोडल्यावर सरळ होतात.

गंमत बघा, लवचीकतेचा नियम १६७८ मध्ये छापला तो हूकनेच!

न्यूटनशी त्याचा श्रेयावरून वाद झाला, तो मिटला नाही. हूकने लग्न केलं नाही. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात तो प्राध्यापक होता. तिथल्याच खोल्यांत राहिला आणि ३ मार्च १७०३ रोजी तिथेच वारला. त्याचं खात्रीचं असं एकही चित्र आज उपलब्ध नाही.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी बूच हातात आलं तर फेकण्याआधी जरा दाबून बघा. हूकचा चेहरा नाही, पण त्याचा प्रश्न तिथे नक्की भेटेल.