काखेतील वही

इ. स. १९१० च्या अखेरची गोष्ट. मद्रास इलाख्यातील नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांना त्यांच्या एका तरुण आप्ताने विनंती केली. एक मनुष्य सारखा गणिताविषयी बोलत असतो. त्याच्या बोलण्यात काही तथ्य आहे की नाही ते एकदा पाहावे. त्या आप्ताला गणिताचा गंधही नव्हता. राव स्वतः गणिताचे व्यासंगी होते. मोठ्या मेहेरबानीने त्यांनी त्या मनुष्यास आत बोलाविले.

आत आलेली मूर्ती ठेंगणी व स्थूल होती. दाढी वाढलेली, कपडे फारसे स्वच्छ नाहीत, काखेत एक वही. डोळे तेवढे तेजस्वी. वही उघडून तो आपले शोध समजावू लागला आणि थोड्याच वेळात कलेक्टरसाहेबांना त्यातील काही कळेनासे झाले.

हा तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे त्यांचा जन्म झाला; बालपण कुंभकोणम् येथे गेले. वडील एका कापडाच्या दुकानात कारकून होते. शाळेत असताना कार नावाच्या लेखकाचे एक पुस्तक रामानुजनांच्या हाती पडले. त्यात हजारो सूत्रे होती, परंतु सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. त्या मुलाने त्या आपणच शोधून काढण्यास आरंभ केला. मग काय विचारता! गणितापुढे इतर सारे विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली, आणि एफ. ए. च्या परीक्षेत पुन्हा पुन्हा अपयश आले. इ. स. १९०९ मध्ये विवाह झाला. पदरी पदवी नाही, नोकरी नाही. लोकांना दिसत होता तो एवढाच नापास विद्यार्थी.

राव यांनाही तेवढेच दिसले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु आपणास कळत नाही म्हणून ते निरर्थक आहे, असे त्यांनी ठरविले नाही. निर्णय राखून ठेवून त्यांनी रामानुजनांना पुन्हा येण्यास सांगितले. रामानुजनांनीही समोरच्याची मर्यादा ओळखली. पुढील भेटीत त्यांनी सोप्या गोष्टींपासून प्रारंभ केला आणि पायरीपायरीने त्यांना वर नेले. अखेर राव यांनी विचारले, तुम्हाला हवे तरी काय? उदरनिर्वाहापुरते मिळावे, म्हणजे संशोधन करता येईल, एवढीच मागणी होती. राव यांनी स्वतःच्या पैशातून दरमहा २५ रुपये देण्यास सुरुवात केली. हार्डींचे नाव सर्वतोमुखी आहे. पण पूर्ण न कळताही ज्यांनी धीराने ऐकून घेतले, त्या राव यांचा मोठेपणा मला कमी वाटत नाही.

दुसऱ्याच्या आश्रयावर फार काळ राहणे रामानुजनांना रुचेना. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकून झाले. तेथूनच १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत सुमारे १२० प्रमेये होती. तत्पूर्वी तेथील दोघा गणितज्ञांकडून त्यांची दाद लागली नव्हती. हार्डींनाही प्रथम ही कोणा लबाडाची करामत वाटली. परंतु दिवसभर ती सूत्रे मनातून जाईनात. रात्री सहकारी लिटलवूड यांच्यासह ते ती पाने घेऊन बसले आणि उठले ते लेखकाच्या प्रतिभेविषयी निःशंक होऊनच.

१७ मार्च १९१४ रोजी रामानुजन विलायतेस निघाले. पुढील काही वर्षे दोघांनी मिळून अपूर्व कार्य केले. रोज नवी प्रमेये पुढ्यात येत असता, एखादे कसे सुचले हे विचारण्याचेही हार्डींना भान राहिले नाही. पुढे त्यांना त्याची हळहळ वाटली. ते विचारायचे राहून गेले, तेथे या शाकाहारी ब्राह्मणाचे जेवणखाण आणि रात्रीची झोप यांची चौकशी कोण करणार?

ती केली प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले महालनोबीस तेव्हा केंब्रिजमध्ये विद्यार्थी होते. रात्री ऊब मिळते ना, असे त्यांनी सहज विचारले. थंडी फार वाजते, अंगात ओव्हरकोट घालून वर शाल पांघरून निजतो, असे रामानुजनांनी सांगितले. महालनोबीस उठून निजावयाच्या खोलीत गेले. पाहतात तो पलंगावर भरपूर ब्लँकेटे! परंतु ती गादीखाली नीट खोचून वर चादर घातलेली. त्या घड्यांच्या आत शिरून निजावयाचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. महालनोबीसांनी ब्लँकेटे उलगडून आत कसे शिरावे ते दाखविले.

युद्धकाळात आहाराची आबाळ झाली. १९१७ पासून प्रकृती ढासळली. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले ते आजारपणातच. पटनी येथे भेटीस आलेल्या हार्डींनी आपल्या टॅक्सीचा क्रमांक १७२९ अगदीच नीरस असल्याचे सांगितले. रामानुजनांना ते मान्य होईना. दोन घनांच्या बेरजेने दोन निरनिराळ्या रीतींनी मिळणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, हे त्यांनी तत्काळ दाखवून दिले: १ व १२ यांचे घन, तसेच ९ व १० यांचे घन. विद्यार्थ्यांनी पाटीवर करून पाहावे.

१९१९ मध्ये ते स्वदेशी परतले. अंथरुणावरही लेखन थांबले नव्हते. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे त्यांचा अंत झाला. त्या अखेरच्या दिवसांतील शंभराहून अधिक पाने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात इतर कागदांत पडून होती. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकन गणितज्ञाने तेथील एक पेटी चाळली, आणि अक्षर पाहताच ते कोणाचे हे त्यांनी ओळखले.