पंडिता रमाबाई : वर्गणीची मुदत आणि मुलीचे आयुष्य

गरीब खेड्यांतील मुलांच्या शिक्षणाचा भार दूरच्या दात्यांनी उचलावा, ही पद्धत आपल्या मंडळ्यांना परिचित आहे. परंतु दात्याच्या वचनाची मुदत संपली, अथवा एखादे मूल त्याच्या अटींत बसले नाही, तर काय करावे? सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंपुढे हे दोन्ही प्रश्न उभे राहिले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि मातेने ती विद्या लेकीस दिली. पुढे दुष्काळात आईवडील निवर्तले. उपासमारीचा तो अनुभव रमाबाईंच्या अंतःकरणात कायमचा कोरला गेला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२ साली वैधव्य आले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आणि १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथील स्नेह्यांनी १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी दोनच होत्या. त्यांपैकी बालविधवा गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. सदन पुण्यास हलविल्यावर, १८९३ साली, धर्मांतराच्या आरोपावरून सल्लागार मंडळाने राजीनामे दिले व पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

दहा वर्षे कधीतरी संपणार, हे ओळखून त्यांनी केडगावजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली. तेथील शेती व फळबागेच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा हेतू होता.

तोच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. असोसिएशनचे साहाय्य उच्चवर्णीय विधवांसाठी होते. खेड्यापाड्यांतील या मुलींसाठी कोणीही वर्गणी कबूल केलेली नव्हती. तरीही रमाबाईंनी त्यांना परत धाडले नाही. देव पुरवील या विश्वासाने त्यांनी केडगावी त्यांची सोय केली, आणि त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. १९०० पर्यंत तेथील वस्ती १५०० वर पोहोचली.

रमाबाईंनी मुलींना केवळ अन्न दिले नाही. अक्षरओळखीबरोबर त्यांना विणकाम, शेती, मुद्रण असे उद्योग शिकविले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय केली. स्वतः हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. बायबल भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्या विद्वत्तेइतकेच त्या हातांचे मोल वाटते. काल ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते, त्यांनी देवाचे वचन इतरांपर्यंत पोहोचविले!

१९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूच्या विसाव्यात गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

प्रिय वाचकहो, एखाद्या खेड्यातील मुलाची फी आपण भरत असाल, तर ते सत्कृत्य आहे. परंतु दान घेणारे हात उद्या काम करणारे, शिकविणारे आणि देणारे व्हावेत, एवढी दूरदृष्टीही प्रभूपाशी मागू या.