अरणच्या मळ्यातील चैत्र

वर्षाच्या चार वाऱ्यांपैकी चैत्री वारी ही वसंतातली. चैत्र शुद्ध एकादशीला चंद्रभागेचे पात्र आटलेले असते, वाळवंट तापलेले असते, आणि तरीही भाविकांची पावले पंढरीकडे वळतात. कोरडवाहू कुणब्याला या दिवसांत सवड असते. ज्वारीचे खळे उरकलेले असते, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, पाऊस अजून दोन महिने दूर असतो. गावोगावच्या जत्रा चैत्रातच का भरतात, याचे उत्तर देवाइतकेच या सवडीतही आहे. माळ्याचे मात्र तसे नाही. ज्याच्या घरी विहीर आहे आणि विहिरीखाली भाजीचे वाफे आहेत, त्याच्या वाट्याला चैत्रात सवड येत नाही. सगळा गाव यात्रेला निघतो तेव्हा माळ्याच्या खांद्यावर फावडे असते. संत सावता माळी यांचे चरित्र समजून घेताना ही एवढी गोष्ट ध्यानी ठेवावी. त्यांच्याविषयी जे जे सांगितले जाते त्यातील पुष्कळसे तिच्यातून उलगडते.

सोलापूर जिल्ह्यातील माढे तालुक्यात, मोडनिंबजवळ, अरण हे गाव आहे. भीमा आणि सीना या दोन नद्यांमधला हा प्रदेश नकाशावर पाण्याचा वाटला, तरी पर्जन्याच्या बाबतीत कृपण आहे. सावतोबांचे घराणे मूळचे औसे गावचे. त्यांचे आजोबा दैवू माळी अरणला येऊन स्थायिक झाले, असे परंपरा सांगते. दैवू माळ्यांना पुरसोबा आणि डोंगरोबा असे दोन पुत्र. पुरसोबांचा विवाह पंचक्रोशीतील सदू माळी यांच्या कन्येशी, नंगिताबाईंशी झाला, आणि या दांपत्याच्या पोटी शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० मध्ये, सावतोबांचा जन्म झाला. आजोबा वारकरी, पिताही वारकरी. शेत सांभाळून भजन करावे आणि नेमाने पंढरीस जावे, ही त्या घरची रीत होती. तेव्हा सावतोबा पंढरपुरास गेले नाहीत याचे कारण त्यांना वारीची ओळख नव्हती, असे म्हणता येत नाही. वारी त्यांच्या घरातच होती. अरणहून पंढरपूर पायी चालणारास एक-दोन दिवसांचे अंतर. एवढ्या जवळ राहून जो गेला नाही त्याच्या न जाण्याला काही अर्थ असला पाहिजे.

त्या काळी महाराष्ट्रावर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. सावतोबा ऐन तारुण्यात होते तेव्हा, शके ११९५ ते ११९९ या वर्षांत, पंढरीच्या देवळात चौऱ्याऐंशीचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख कोरला गेला. विठ्ठलाच्या देवळाला ज्यांनी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नोंद त्या शिळेवर आहे. राजा रामदेवराव आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांचा काळ तो. पंढरीचे वैभव वाढत होते, दात्यांची नावे दगडावर चढत होती, आणि तिथून काही कोसांवर एक तरुण माळी विहिरीवर मोट हाकीत होता. त्याचे नाव त्या शिळेवर असण्याचे काही कारण नव्हते.

मोट हाकणे म्हणजे काय, हे आज शहरातल्या वाचकाला सांगावे लागते. चामड्याची मोठी मोट, तिला ओढणारा जाड नाडा, तिची सोंड सांभाळणारी बारीक दोरी आणि विहिरीच्या काठावरचे चाक, एवढी ती सामग्री. बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊ लागले की मोट वर येते आणि थारोळ्यात रिती होते. मग बैलांनी मागे सरत वर यायचे आणि मोट पुन्हा पाण्यात बुडायची. थारोळ्यातले पाणी पाटाला लागते, पाटातून सऱ्यांना आणि वाफ्यांना. एकाने मोट हाकावी आणि दुसऱ्याने दारे धरावे, म्हणजे एक वाफा भरताच मातीचा बांध फावड्याने बुजवून पाणी पुढच्या वाफ्यात वळवावे. दारे धरणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले तर पाणी पाट फोडून भलतीकडे जाते. बैलांच्या घामाने वर आलेले ते पाणी वाया गेल्याचे दुःख ज्याने मोट हाकली आहे त्यालाच ठाऊक.

चैत्र लागला की विहिरीचे पाणी तळाला जाते आणि वाफ्यांची तहान मात्र दुपटीने वाढते. भाजीला पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. भर दुपारी दिलेले पाणी पुष्कळसे हवेतच विरते, म्हणून पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी आणि दिवस कलल्यावर मोट जुंपायची. दिवसाचा मधला काळ दुसऱ्या कामांना. माघ-फाल्गुनात आळी करून टोकलेल्या काकडी, दोडका, कारले, भोपळा यांच्या वेलांना आता मांडव हवा असतो. कोथिंबीर या उन्हात पाने धरीत नाही, पाहता पाहता फुलावर जाते. म्हणून धणे रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात आणि एखाद्या झाडाच्या सावलीतल्या वाफ्यात थोडे थोडे, आठवड्याच्या अंतराने पेरावे. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी खणून काढायच्या तर याच दिवसांत, कारण उपसून उन्हात टाकल्या की त्या वाळून मरतात. पावसाळ्यात हेच तण उपटावे तेवढे पुन्हा धरते. रिकाम्या झालेल्या तुकड्याची माती उलथून तिला ऊन द्यायचे, आणि वैशाखात तिच्यावर कुजलेले शेणखत पसरायचे.

कांद्याचे काम तर चैत्रातच असते. पौषाच्या सुमारास लावलेल्या कांद्याची पात पिवळी पडू लागते, माना मोडून आडव्या होतात. त्याआधीच पाणी तोडावे लागते, नाहीतर कांदा टिकत नाही. उपटलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस वाफ्यातच सुकवायचा, एकाची पात दुसऱ्यावर पडेल असा ओळीने मांडायचा, मग मान थोडी राखून पात कापायची आणि सावलीत वारा खेळेल अशा जागी ठेवायचा. लसणाच्या जुड्या बांधून आढ्याला टांगायच्या. बियाण्यासाठी वेगळे लावलेल्या कांद्यांना उंच दांडे येऊन त्यांवर पांढरे गोंडे फुललेले असतात. मधमाश्यांनी ते चाळले तरच त्यांत दाणा भरतो. गोंड्यात काळे बी दिसू लागताच पहाटेच्या गारव्यात ते खुडावे लागतात, ऊन चढले की बी झडून मातीत जाते. कांद्याचे बी फार दिवस उगवणशक्ती धरीत नाही. म्हणून त्या एका पहाटेस जो मळ्यात नसेल त्याचे पुढच्या साली कांद्यावाचून अडते. मुळ्याचेही तसेच. राखलेल्या मुळ्यांच्या कोवळ्या डिंगऱ्या घरी भाजीला जातात, जून झालेल्या बियाण्यासाठी वाळू द्यायच्या. परसात दोन वाफे करणाऱ्या गृहिणीलाही यातील बरीचशी कामे आजदेखील चुकलेली नाहीत.

अशा मळ्यातून एकादशीच्या निमित्ताने चार दिवस उठून जाणे म्हणजे काय, ते आता वेगळे सांगावयास नको. सावतोबांच्या आधीच्या आणि नंतरच्याही कितीतरी माळ्यांनी ही अडचण जाणली असेल. कोणी शेजाऱ्याला मळा सोपवून गेला असेल, कोणी मनात चुटपुट घेऊन मागे राहिला असेल. सावतोबा मागे राहिले, पण चुटपुट घेऊन नव्हे. त्यांनी अडचणीचीच उपासना केली. वाफ्याला पाणी देणे हेच पूजन आणि खुरपणे हेच भजन, असे त्यांनी मानले, आणि मानून थांबले नाहीत तर तसे स्पष्ट सांगितले.

त्यांचा प्रपंच सुखाचा होता, तरी तो अगदी निर्वेध नव्हता. भेंड गावच्या भानवसे रूपमाळी घराण्यातील जनाबाई ही त्यांची पत्नी. नामदेवांच्या घरच्या जनाबाई वेगळ्या, नावाच्या सारखेपणाने गल्लत होऊ नये. विठ्ठल आणि नागाताई अशी दोन अपत्ये त्यांना झाली. एकदा सासरची माणसे अरणला आली असता सावतोबा भजनात असे रंगले की पाहुण्यांकडे लक्षच गेले नाही. माहेरच्या माणसांची उपेक्षा झाली म्हणून जनाबाई संतापल्या, आणि सावतोबांनी मृदू बोलून त्यांची समजूत घातली, अशी कथा आहे. कथाकार येथे सावतोबांच्या तल्लीनतेचे कौतुक करतात. आमच्या मते जनाबाईंचा राग अनाठायी नव्हता. ज्या घरात पाहुण्याला पाणी पुसले जात नाही त्या घरच्या सुनेला माहेरी काय तोंड दाखवावे लागते, हे तिलाच माहीत. सावतोबांनी तो राग झिडकारला नाही, ही गोष्टही तितकीच लक्षात घेण्याजोगी आहे.

सावतोबांचे अभंग काशीबा गुरव यांनी उतरून घेतले असे मानतात. आज त्यांपैकी ३७ उपलब्ध आहेत. ही संख्या थोडी खरी, पण त्यांतल्या एका अभंगाने अवघा महाराष्ट्र जिंकला आहे. मळ्यातील भाजीपाल्यात आपली विठाईच भरली आहे, आणि विहीर व मोट यांच्यासकट हा मळाच पंढरी झाला आहे, असा त्याचा भाव. कीर्तनात, घरात, शाळेत तो इतका गायिला गेला आहे की त्यातील धाडस आपल्या ध्यानी येईनासे झाले आहे. सावतोबांनी देवपूजेची फुले निवडली नाहीत, तुळस निवडली नाही. माळ्याच्या मळ्यात फुलेही असतातच. त्यांनी आरंभीच कांदा घेतला, आणि पुढे लसूणही. मनुस्मृतीने हे दोन्ही पदार्थ द्विजांना वर्ज्य ठरविलेले आहेत. एकादशीला आणि चातुर्मासात ते स्वयंपाकघरातून हद्दपार होतात, नैवेद्याच्या ताटात तर त्यांना कधीच स्थान नसते. जे देवापुढे ठेवता येत नाही त्यालाच सावतोबांनी देव म्हटले. शास्त्राशी वाद घालण्याचा त्यात आवेश नाही. जे हाताने पेरले, पाजले, निंदले आणि उपटले, त्यापैकी कशाला देवाबाहेर ठेवावे, हेच त्यांना उमगत नसावे.

या अभंगासंबंधी एक लहानशी गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. आज तो जसा गातात त्यात मिरचीचाही उल्लेख येतो. मिरचीचे मूळ अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. सावतोबांच्या मळ्यात ती असणे शक्य नाही, त्यांची तिखटाची गरज मिऱ्यांनी आणि आल्याने भागली असणार. तेव्हा हा शब्द मागाहून, कोणा गाणाऱ्याच्या मुखाने अभंगात आला, असेच समजावे लागते. यात खंत करण्यासारखे काही नाही. ज्याने तो घातला त्याच्या वाफ्यात मिरची उभी होती, आणि तिलाही विठाईच्या पंक्तीत बसवावे असे त्याला वाटले, एवढेच.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात सावतोबांचे आख्यान गोडीने सांगितले आहे. पैठणचा कूर्मदास हातापायांनी अधू होता. तो लोळत लोळत पंढरीस निघाला आणि लऊळ गावी येऊन थकला. त्याला भेटण्यासाठी स्वतः पांडुरंग निघाले, सोबत ज्ञानदेव आणि नामदेव होते. वाटेत अरण लागले. दोघांना मागे ठेवून देव एकटेच सावतोबांच्या मळ्यात शिरले आणि कोणी पाठलागावर असल्याचा बहाणा करून लपायला जागा मागू लागले. सावतोबांनी आपले उदर चिरून देवाला आत ठेवले आणि वरून वस्त्र गुंडाळले. इकडे नामदेव देव हरवला म्हणून व्याकूळ होऊन शोधीत आले. शेवटी पितांबराचा शेव बाहेर राहिलेला दिसला तेव्हा त्यांना ठावठिकाणा लागला. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. त्यातील नामदेवांची अवस्था मात्र मनात राहते. जे नित्य देवाच्या पायाशी असत, तेच येथे त्याला शोधीत एका माळ्याच्या बांधावर उभे आहेत.

शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीस, इ. स. १२९५ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सावतोबांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर चालून आली आणि त्याच वर्षी ज्ञानदेव आळंदीस समाधिस्थ झाले. एका युगाचा तो अस्त होता आणि सावतोबा त्याच्या किंचित आधी निघून गेले. त्यांची समाधी अरणला, त्यांच्या मळ्याच्या जागीच आहे.

माढे तालुक्यात आता मोट उरलेली नाही. १९८० मध्ये भीमेवर उजनीचे धरण पूर्ण झाले, कालवे आले, विहिरींवर विजेचे पंप बसले, आणि धावेवरून उतरणाऱ्या बैलांची वाट मोडली. आषाढीला संतांच्या पालख्या महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पंढरीस जातात, आळंदीहून ज्ञानोबांची, देहूहून तुकोबांची. अरणहून सावतोबांची पालखी मात्र जात नाही. एकादशी सरते, वारकरी परतू लागतात, आणि मग वद्य पक्षात, पुण्यतिथीच्या सोहळ्यासाठी, पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून निघून अरणला येते. त्या दिवसांत पाऊस लागलेला असतो, आणि चैत्राच्या पहाटे खुडून ठेवलेले कांद्याचे काळे बी रोपवाफ्यात पडण्याची वेळ जवळ आलेली असते.